ताडपत्रीच्या दुकानातली जोड

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीपेक्षा जास्त काही लिहिलेलं नाही, आणि मी जे लिहिलं ते सगळं परीक्षेत, तीन तासांत, समोर प्रश्न ठेवून. इथं प्रश्न कोणी विचारलेला नाही. त्यातून मला सांगायची आहे ती एका न झालेल्या लढतीची गोष्ट. लढलेल्या माणसानं लिहिलं तर लोक वाचतील, न लढलेल्यानं काय लिहावं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. पण एक बातमी माझ्यापर्यंत फार उशिरा पोचली, आणि तेव्हापासून हे नुसतं मनात ठेवणं जमेना. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी पिशोरचा. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तिथल्या बाजारात मापाडी आहेत. शेतकऱ्यानं आणलेला मका, कापूस, अद्रक व्यापाऱ्यासमोर तोलायचं आणि आकडा दोघांना ऐकू जाईल असा मोठ्यानं सांगायचा, हे त्यांचं काम. कापूस रात्री पाणी मारून आणला असेल तर अण्णा मूठभर हातात घेऊन सांगतात. अद्रकीला माती किती लागली आहे हे लांबून सांगतात. लहानपणी मी आजारातून उठलो की आई मला त्यांच्यासमोर उभं करायची आणि ते म्हणायचे, "दीड किलो उतरला. दूध दे."

मी शहरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सरकारी वसतिगृहात राहतो. पहिल्या वर्षी वर्गात मी बोलायचो कमी, कारण बोललो की मागच्या बाकावरून कोणीतरी माझं गावाकडचं "इथं-तिथं" म्हणून दाखवायचं. तेव्हा खोलीतल्या एका मित्रानं मला शहागंजच्या अलीकडं, प्लायवूडच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर नेलं. तिथं एमएमए शिकवायचे. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे कुस्तीही चालते, ठोसेही चालतात, लाथाही. मी गेलो ते कुस्तीमुळं, ती थोडी अंगात होती. राहिलो मात्र वेगळ्या कारणानं. तिथं दातांवर रबराची पट्टी चढवली की सगळे सारखेच बोबडे बोलतात. माझ्या बोलण्याला कोणी हसलं नाही.

आमचे सर सकाळी शाळेची व्हॅन चालवतात आणि संध्याकाळी आम्हाला शिकवतात. पोरांची शेवटची खेप सोडली की त्याच व्हॅनमधून ग्लोव्हज आणि पॅड घेऊन येतात. कधीकधी ग्लोव्हजमध्ये एखादा खोडरबर सापडतो.

मागच्या वर्षी हौशी गटात माझी एक लढत झाली. हरलो. हरण्याचं काही नाही, पण उजव्या हाताचा अंगठा दुखावला. या खेळातले ग्लोव्हज लहान असतात, बोटं उघडी असतात. सात दिवसांनी परीक्षा होती. अंगठा वांग्याएवढा सुजलेला. पेन पहिल्या आणि मधल्या बोटात धरून मी पेपर लिहिले. बाकीचे निघाले, रसायनशास्त्राचा एक पेपर राहिला. उत्तरं येत होती, हात पुरला नाही. यंदा तो मागचा आणि हे सगळे, एकदम काढायचे होते. एकही राहिला तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर वसतिगृहात जागा नाही. शहरात खोली करून राहणं आम्हाला परवडत नाही, म्हणजे गाव. गावात वाईट काही नाही, पण तिथं गेलो की परत येणं होणार नाही हे मलाही माहीत होतं आणि घरच्यांनाही.

हे सगळं सांगितलं कारण पुढं जे झालं ते त्यावरच आहे.

एका शुक्रवारी सराव संपल्यावर सरांनी मला थांबवलं. पंधरा दिवसांनी शहरातच एक हौशी स्पर्धा होती. आमच्या जिममधून मी एकटाच जाणार होतो, पासष्ट किलोच्या गटात. माझ्यासमोर जालन्याचा एक मुलगा ठरला होता, माझ्यासारखाच नवखा. त्यानं माघार घेतली होती.

"दुसरा मिळालाय," सर म्हणाले. "इथलाच आहे, दुसऱ्या जिमचा. सात फाइट झाल्यात त्याच्या."

"माझी एक झालीय, सर."

"मला माहीत आहे, बेटा. मीच नेलं होतं तुला."

"वजन?"

"वजन तो पासष्टला उतरवतो." सर म्हणाले. "एरवी जास्त असतो."

या खेळात वजन आदल्या दिवशी करतात. त्यासाठी मुलं मीठ सोडतात, भात सोडतात, शेवटी पाणीही सोडतात, आणि काट्यावरून उतरले की खाऊनपिऊन पुन्हा पूर्वीसारखे होतात. मी मुळातच त्रेसष्टचा, मला काही उतरवावं लागत नाही. म्हणजे कागदावर आम्ही दोघं पासष्टच्या आतले, आणि लढतीच्या पिंजऱ्यात कितीचे ते देव जाणे.

"मी हो म्हण म्हणत नाही, नको म्हण असंही म्हणत नाही," सर म्हणाले. "गुरुवारपर्यंत त्यांना सांगायचंय. सही तुझी असणार."

सर खरोखर तसंच म्हणाले. पण भिंतीवर स्पर्धेचं पोस्टर लावलेलं होतं आणि त्यात खालच्या कोपऱ्यात आमच्या जिमचं नाव आलं होतं, पहिल्यांदाच. सरांनी ते पोस्टर चारही कोपऱ्यांना दोन-दोन चिकटपट्ट्या लावून बसवलं होतं. बोलताना मी त्याच्याकडंच बघत होतो. रविवारी लढत आणि मंगळवारी पहिला पेपर.

जिममधल्या पोरांना कळायला वेळ लागला नाही.

"हौ बोल दे रे," एक जण म्हणाला. "ज्यादा से ज्यादा क्या, एक दाँत जाएगा."

"दात गेला तर चालतंय, त्याला हाताची काळजी आहे," दुसरा म्हणाला. "आपला पेपरचा पैलवान आहे तो."

"पैलवान, पेपर में चोक लगाता क्या रे?"

चोक म्हणजे मान आवळायचा डाव. मीही हसलो. मला हो म्हणायचं होतं. हे मी लपवत नाही. त्या पोरांमध्ये दोन वर्षं मी कोणीतरी होतो. वर्गात नव्हतो.

शनिवारी आईचा फोन आला तेव्हा मी तिला सांगून टाकलं. तिनं फोन अण्णांकडं दिला. अण्णांनी एकच विचारलं.

"तो पोरगा तू बघितला का?"

"व्हिडिओ बघितलेत. फोटो आहे."

"फोटोत जोड कळत नसती. मंगळवारी येतो म्या."

इथं आमच्याकडची एक पद्धत सांगितली पाहिजे. जत्रेतल्या कुस्त्यांना काटा नसतो. जोड लावणारा एक माणूस असतो. तो दोन पैलवान निवडतो, दोघांची मनगटं धरतो आणि आखाड्यात गोल फिरवतो, म्हणजे चारी बाजूंच्या लोकांना दिसावं. लोक बघतात. उंची, मान, मांडी, वय. कोणाला पटलं नाही तर तो ओरडतो, "जोड नाय." मग दोघांना सोडून देतात. त्यात कोणाची अब्रू जात नाही. पण एकदा का दोघांनी हाताला माती लावून एकमेकांच्या हातात हात दिला की जोड पक्की. मग लावणाराही मोडू शकत नाही. मोडायचीच झाली तर पैलवानानं स्वतः समोरच्याकडं चालत जायचं आणि त्याला तोंडानं सांगायचं. त्याला हात परत घेणं म्हणतात. ते फार कमी लोक करतात.

अण्णा कितीतरी वर्षं आमच्या जत्रेत जोड लावायचे. मापाड्याची नजर, लोक मानायचे. मी सातवीत असताना त्यांनी ते सोडलं. का सोडलं हे मला माहीत नव्हतं.

मंगळवारी ते सकाळच्या एसटीनं आले. आईनं दिलेलं धपाट्यांचं फडकं माझ्या हातात दिलं आणि मला खालून वर बघितलं. "त्रेसष्ट," म्हणाले. "मेसचं जेवण बरं दिसतंय."

सरांनी त्या मुलाचा ठावठिकाणा सांगितला. तो शहागंजात मामाच्या ताडपत्रीच्या दुकानात बसायचा. आम्ही गेलो तेव्हा दुकानात तो एकटाच होता. वय चोवीस-पंचवीस. कान चुरगळलेले, कुस्तीवाल्यांचे असतात तसे. मी कोण ते सांगायला तोंड उघडलं, पण अण्णांनी मला कोपरानं मागं सारलं.

"अठरा बाय चोवीस कशी दिली?" त्यांनी विचारलं.

"किलो पे है, चाचा. कौनसी दिखाऊँ, पिवळी की काळी?"

"जाड दाखव. मक्यावर टाकायचीय."

त्यानं वरच्या फळीवरून ताडपत्रीचा गठ्ठा काढला, एका खांद्यावर घेतला आणि काट्यावर आणून ठेवला. जमिनीलगतचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा होता. अण्णा गठ्ठ्याकडं बघतच नव्हते. त्याच्या मानेकडं, मग पोटऱ्यांकडं बघत होते.

"पैलवान," ते म्हणाले, "गठ्ठा काढ अन् तू उभा राहा."

"मैं?"

"व्हय. पंच्याहत्तर आहेस. अर्धा इकडं-तिकडं."

तो माझ्याकडं बघायला लागला. मग मी सांगितलं, कोण आहे ते, बारा दिवसांनी कुठं, कोणासमोर. तो एकदम ओशाळल्यासारखा झाला. गल्ल्यामागचं स्टूल काढून अण्णांना दिलं, दोन चहा सांगितले. मग चप्पल काढून काट्यावर उभा राहिला. पंच्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम.

"चाचा, आप क्या करते?"

"मापाडी."

"तभी."

तो खाली उतरला आणि मला खूण केली. मी उभा राहिलो. त्रेसष्टच्या पुढं शंभर ग्रॅम. तो लाल आकड्यांकडं बघत राहिला.

"मेरेकू बोले थे सत्तर का लड़का है, उतर के पैंसठ आता. पाँच फाइट वाला."

"एक," मी म्हणालो.

"एक?"

"एक. हरलेली."

तो हसला नाही. म्हणाला की तो या सोमवारपासूनच मीठ आणि भात सोडून बसला आहे, मामा कटकट करतो, घरात बिर्याणी झाली तर त्यानं कलिंगड खाल्लं. अण्णांना हे समजावून सांगावं लागलं, वजन उतरवणं म्हणजे काय ते. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"म्हणजे तोलायच्या टायमाला वाळवायचं, अन् नंतर भिजवायचं."

"हौ, वैसाच."

"आमच्याकडं उलटं करतात. कापूस भिजवून तोलायला आणतात, नंतर वाळतो." अण्णांनी चहा संपवला. "चोरी एकच हाय."

तो मुलगा मोठ्यानं हसला. मलाही बरं वाटलं. आम्ही उठलो. अण्णा माझ्या बाजूला उभे राहिले, आम्हा दोघांकडं एकदा नीट बघितलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की ते आता बोलणार आहेत. दोनच शब्द होते ते. त्याच वेळी त्यानं मला हात पुढं केला, शहरात कोणीही करतो तसा, आणि मी दिला.

हात हातात असतानाच मला कळलं. अण्णांनी तोंड मिटलं होतं.

तिथून आम्ही रिक्षानं क्रांती चौकात आलो. चौकातल्या टपरीवर आम्ही पुन्हा चहा घेतला. वाहनांचा आवाज होता, त्यामुळं ते काय म्हणतात ते ऐकायला मला वाकावं लागत होतं.

"कामून दिला हात?"

"अण्णा, शहरात तसं नसतं. ते नमस्कारासारखं असतं. त्याच्या ते डोक्यातही नाही."

"त्याच्या नसंल. तुह्या हाय का नाय?"

होतं. नसतं तर मला त्याच वेळी कळलं कसं असतं?

"मी जोड नाय म्हणणार व्हतो. आता मला बोलता येत नाय," अण्णा म्हणाले. "तूच बोल, नायतर लढ. लढायचं असंल तर लढ, म्या अडवणार नाय. खाली बसून बघीन."

मी म्हणालो, "तुम्ही जोड लावायचं कामून सोडलं?"

त्यांनी कपबशी टपरीच्या फळीवर ठेवली. मग सांगितलं. एका वर्षी शेवटची कुस्ती लावायची होती. बाहेरगावचा एक तगडा पैलवान बिनजोड राहिला होता आणि लोक उठून जायला लागले होते. शेजारच्या गावचा एक पोरगा तयार झाला, दहा किलोनं कमी. अण्णांनी दोघांना फिरवलं. त्यांना दिसत होतं. पण कोणी जोड नाय म्हणेना, सगळ्यांना कुस्ती बघायची होती, आणि पोरगाही हसत होता. अण्णाही बोलले नाहीत. त्या पोराचा हात कोपरातून मोडला.

"आता बाजारात हमाली करतो. डाव्या हातानं पोतं धरतो," अण्णा म्हणाले. "मला बघितलं की रामराम घालतो. त्यानं घातला नसता तर बरं झालं असतं."

त्यांची एसटी गेल्यावर मी वसतिगृहात आलो. बुधवारचा सगळा दिवस मी पुस्तक उघडून बसलो आणि एक पानही पुढं गेलो नाही. मी मनाशी दोन्ही बाजू मांडत होतो. लढलो तर कदाचित काहीच होणार नाही, तीन मिनिटांत मान धरेल आणि मी हात आपटून, म्हणजे हार मानून, सोडवून घेईन. हातच आपटायचा आहे, तर अंगठा मोडत नाही. असंही मनात आलं की नाही म्हटलं तर सर पोस्टर काढतील का. आणि मग मी माझा उजवा हात मिटून उघडून बघायचो. अंगठ्याचा सांधा अजून पावसाळी हवेत दुखतो. शेवटी एकच गोष्ट उरली, ती अशी की मी हो म्हणालो तर ते पोरांसाठी म्हणालो असेन, स्वतःसाठी नाही. तो हमालही तेव्हा हसतच होता.

फोन करून सांगता आलं असतं. सरांनी एका वाक्यात सांगितलं असतं. पण अण्णांनी न सांगताही मला माहीत होतं की ते चालणार नाही.

गुरुवारी दुपारी मी शहागंजात गेलो. दुकानासमोरून एकदा पुढं गेलो. घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. दुसऱ्यांदाही पुढं गेलो. तिसऱ्यांदा त्यानंच हाक मारली.

"ओ मापाडी के, अंदर आ. कब से घुमरा?"

मी आत गेलो. तो स्टुलावर बसला होता. ओठ सुकलेले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मंगळवारपेक्षा उतरला होता, माझ्यासारख्यालाही दिसत होतं.

"मी हात परत घ्यायला आलो," मी म्हणालो. मग हे त्याला कळणार नाही हे लक्षात आलं आणि मी सगळं सांगितलं, जत्रा, जोड, मनगटं धरून फिरवणं, अण्णा का बोलले नाहीत. माझं हिंदी अशा वेळी फारच बिघडतं. शेवटी म्हणालो, "भाई, मैं नहीं लड़ सकता. तुम भारी हो. और मंगल को मेरा पेपर है."

समोर एक गिऱ्हाईक येऊन दोरी मागून गेलं.

"दो बार पोस्टर पे आया मैं," तो म्हणाला. "दोनों बार सामनेवाला हट गया. तू तीसरा है. मामू बोलते, छोड़ ये सब, गल्ले पे बैठ."

मला वाटलं आता मी पुन्हा हो म्हणेन. शब्द तोंडाशी आले होते.

"फोन पे बोल देता ना यार," तो म्हणाला.

"फोनवर नाही बोलत आमच्याकडं."

"हौ, वो समझा मैं." त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. "कौनसा पेपर है?"

"केमिस्ट्री. मागच्या वेळचा राहिलाय. अंगठा सुजला होता."

त्यानं गल्ल्याखालून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि एका दमात अर्ध्याच्या वर प्यायला. तोंड पुसलं. राहिलेली बाटली माझ्यापुढं केली. मीही प्यायलो.

"अभी तेरे सर कू कुछ मत बोल," तो म्हणाला. "शाम तक रुक. मैं देखता."

तो त्याच्या लोकांकडं माझी तक्रार करणार असं मला वाटलं, आणि ते त्याच्या जागी बरोबरच होतं. मी हात पुढं केला. तो म्हणाला, "नक्को बाबा, फिर तेरे अब्बा नाराज होंगे," आणि खांद्यावर थाप मारली.

संध्याकाळी मी जिमला गेलो. जिन्यात मी वाक्य पाठ करत होतो. सर पॅड बांधत होते. मी जवळ गेलो आणि मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "फाइट कॅन्सल झाली, बेटा. आयोजकांचा फोन आला होता. त्या बाजूनं काहीतरी झालं. आता नवीन कोणी मिळणार नाही."

मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. पोरांनी पाठीवर हात ठेवले. पेपरचा पैलवान म्हणणाराच म्हणाला, "नसीब खराब यार तेरा. तू तो रेडी था." मी मान हलवली. ही मान हलवल्याची गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

अण्णांना मात्र खरं सांगितलं, जेवढं मला माहीत होतं तेवढं.

"हात परत घेतला?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"काय म्हणला?"

"पाणी प्याला. मलाबी दिलं."

फोनवर मागं बाजाराचा आवाज येत होता. "भला पोरगा हाय," अण्णा म्हणाले. "आता अभ्यास कर."

केला. मंगळवारी सकाळी पेपरला बसलो. तीन तासांत दोन पुरवण्या लावल्या. बाकीचे पेपरही झाले. सुट्टीत गावी गेलो, अण्णांबरोबर बाजारात काट्यावर बसलो. तो हमाल दिसला. मीच आधी रामराम घातला.

परत आल्यावर मी शहागंजातून जाताना ताडपत्रीच्या दुकानाची गल्ली टाळून जायचो. का, ते सांगता येत नाही. एकदा लांबून तो दिसला, शिडीवर उभा होता. मी हाक मारली नाही.

निकाल लागला तेव्हा सगळे विषय निघाले होते. केमिस्ट्रीसुद्धा. मी पेढे घेऊन जिमला गेलो. तेव्हा लढत रद्द होऊन तीन महिने होऊन गेले होते. पोरं अजून यायची होती. सरांनी अर्धा पेढा खाल्ला, उरलेला कागदात गुंडाळून मुलीसाठी व्हॅनच्या किल्लीशेजारी ठेवला. भिंतीवरचं पोस्टर अजून तसंच होतं, एक कोपरा सुटला होता. सर तो कोपरा अंगठ्यानं दाबत म्हणाले, "तुझं झालं ते बरं झालं. त्या पोराचं वाईट झालं."

"कोणत्या?"

"तुझ्यासमोरचा. ताडपत्रीवाला. तुला माहीत नाही? आयोजकांनी वर्षभर लढायला बंद केलंय त्याला. त्यानंच त्यांना फोन केला होता ना त्या गुरुवारी. म्हणाला, मेरा वजन नहीं उतरता, मैं नहीं आता, लड़के की कुछ गलती नहीं, उसकू अगली बार जरूर लेना. एकदा होकार दिल्यावर वजनावरून माघार घेतली की वर्षभर घेत नाहीत ते, नियमच आहे त्यांचा." सरांनी कोपरा पुन्हा दाबला, तो पुन्हा सुटला. "वेडा आहे. पुरे दहा दिवस हातात होते. आरामात उतरलं असतं."